चाकावरचं बोट

मामाचा उजवा खांदा आखडला होता आणि मामी रविवारची वाट पाहत होती. रविवारी कोपऱ्यावरचा किल्लीवाला येऊन मागच्या खोलीतलं मशीन घेऊन जाणार होता.

मशीन तसं साधंच. वर गरगर फिरणारं कटर, खाली लोखंडी टेबल. टेबलाला दोन चाकं. एक फिरवलं की टेबल डावीउजवीकडे सरकायचं, दुसरं फिरवलं की पुढेमागे. घेतलं तेव्हा बाजारातलं सगळ्यांत स्वस्त टेबल होतं ते, पण मामाने त्याच्यावर अर्ध्या गल्लीचे मिक्सर आणि पंखे जगवले होते. "कंपनीने हा पार्ट बंद केला," म्हणून दुकानदार हात वर करायचा आणि लोक मामाकडे यायचे. आता मात्र चाकाचा एक फेरा झाला की खांद्यातून अशी कळ यायची की मामा ओठ दाबून भिंतीकडे बघत राहायचा. डॉक्टरांनी चाक फिरवायला साफ बंदी केली होती.

"चहाचा कप धरवत नाही, आणि म्हणे लोखंड कापतो," मामी म्हणाली होती. "ते मशीन समोर असेपर्यंत तुम्ही काही स्वस्थ बसायचे नाही. देऊन टाका."

मामा हो म्हणाला होता. पण हो म्हटल्यापासून तो येता-जाता ते मशीन पुसत होता. पुसून पुसून त्याच्यावरचा रंग निघायची वेळ आली, तेव्हा भाचीच्या ते लक्षात आलं.

भाची नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन, नोकरी मिळेपर्यंत म्हणून मामाकडे राहायला आली होती. तिला सगळं मोजून बघायची खोड होती. मामीच्या मते ती वरणाचीसुद्धा घनता काढेल.

"मामा, ही चाकं मोटरने फिरवली तर?" ती म्हणाली. "किती फिरायचं ते कॉम्प्युटर सांगेल. तुला हातसुद्धा लावायला नको."

"मग मी काय करायचं?"

"बघायचं."

"बघायला सिनेमा काय वाईट आहे?" मामा म्हणाला. पण टेबल खोलायला पाना त्यानेच आणून दिला.

मामीने अट घातली. शेजारच्या शिवणकाकूंच्या जुन्या यंत्रात नागमोडी टाका घालणारी एक चकती होती, ती झिजली होती आणि नवी कुठे मिळत नव्हती. "तुमच्या त्या कॉम्प्युटरने रविवारपर्यंत ती चकती नीट करून दाखवली, तर मशीन राहील. नाहीतर किल्लीवाल्याला मी स्वतः दार उघडेन."

मामा-भाचीने कंबर कसली. मोटरी बसवायला मामाने पट्ट्या आखून दिल्या, भाचीने त्या कापल्या, आणि भोकं जुळेनात तेव्हा दोघांनी एकमेकांना दोष दिला. मोटरींचे दांडे मागच्या बाजूनेही बाहेर आलेले होते. मामाने जुनी चाकं तिथे चढवली.

"आता ती कशाला?" भाचीने विचारलं.

"असू देत गं. चाकाशिवाय टेबल म्हणजे शेपटीशिवाय घोडा."

टेबल स्वस्तातलं, त्यामुळे आतला स्क्रू नटात थोडा ढिला होता. दिशा बदलली की चाक जरासं रिकामंच फिरायचं आणि मग टेबल हलायचं. मामाचा हात ते रिकामं फिरणं इतकी वर्षं न सांगता भरून काढत होता. कॉम्प्युटरला ते कोणीतरी सांगावं लागतं. भाचीने ढिलाई मोजली, कॉम्प्युटरला सांगितली, कटरच्या जागी पेन बांधलं आणि कागदावर वर्तुळ काढायला लावलं. वर्तुळ असं गोल आलं की मामीनेही बघून "हं" केलं. मामीचं "हं" म्हणजे दुसऱ्यांची टाळी.

मग त्यांनी टेबलावर ॲल्युमिनियमची पट्टी आवळली आणि तिथे घोडं अडलं. धातूतलं वर्तुळ एका बाजूला चेपलेलं निघालं, जशी कोणी भाकरी दुमडावी. पुन्हा केलं, तर चेप दुसऱ्याच बाजूला. भाचीने स्क्रू आवळले, तारा तपासल्या, शेवटी मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या बिचाऱ्या जोडनळीवर आळ घेऊन ती बदलली. चेप होता तिथेच, म्हणजे दर वेळी नव्या ठिकाणी.

"शास्त्रज्ञ बाई, घोडं कुठे पेंड खातंय?" मामा विचारायचा.

"तेच शोधतेय."

शनिवारी सकाळी तिने ठरवलं की मशीनकडे बघायचंच नाही, सभोवार बघायचं. कटर धातूत शिरलं. मामा एक पाऊल पुढे सरकला. डोळे कटरवर, डोकं किंचित कललेलं, आणि डाव्या हाताचं बोट अलगद मोटरीमागच्या जुन्या चाकावर. कटरचा आवाज जरा जड झाला तसं बोटही जरा जड झालं. त्याच क्षणी मोटर बारीक कण्हली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. भाचीने मशीन बंद केलं.

"मामा, तुझं बोट."

मामाने बोटाकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कोणाचं होतं.

"ही मोटर आंधळी असते," ती म्हणाली. "कॉम्प्युटर म्हणतो फिर, ती फिरते. कोणी अडवलं तर जागच्या जागी घुटमळते, आणि कॉम्प्युटरला वाटतं की पोचली. तिथून पुढचं सगळं सरकतं."

"मी कुठे अडवलं? मी फक्त..." मामा थांबला. "मला कळलंसुद्धा नाही गं."

"माहितेय."

"म्हणजे मीच आडवा येतोय." त्याने हात पुसायचं फडकं खुंटीवर टांगलं. "कर तू. मी बाहेर बसतो."

तो गेला. भाचीला वाटलं होतं की दोष सापडला की हायसं वाटेल. प्रयोगशाळेत तरी तसंच वाटायचं. इथे दोष सापडला होता आणि मामा व्हरांड्यात कालचं वर्तमानपत्र उलटं धरून बसला होता. मशीन राहूनही मामा त्या खोलीत परत आला नसता, तर किल्लीवाल्याने नेलेलं काय वाईट होतं?

तिने एकटीने मशीन चालू केलं. वर्तुळ सुरेख येत होतं, कुठे चेप नाही. पाऊण वर्तुळ झालं, कटरचा आवाज जड झाला, आणखी जड झाला, मग कट्ट! कटरचं टोक उडून कोपऱ्यात गेलं. मऊ ॲल्युमिनियम कटरला चिकटून बसलं होतं.

भाची तुटकं कटर हातात घेऊन उभी राहिली. इतक्या चेपलेल्या वर्तुळांत एकदाही कटर तुटलं नव्हतं. आवाज जड झाला की बोट जड होत होतं, टेबल अडत होतं, कटरला श्वास मिळत होता. वर्तुळ बोटाने बिघडवलं होतं आणि कटर बोटानेच वाचवलं होतं.

ती पळतच व्हरांड्यात गेली. "मामा, कटर तुटलं!"

"आणि एवढी आनंदात?"

"तुला आवाजावरून कळतं ना, कधी हळू घ्यायचं ते?"

"त्यात काय कळायचंय? कुरकुरतं ते."

"मला कुरकुर ऐकू येते, पण उशिरा. तू चाक अडवू नकोस. कॉम्प्युटरलाच सांग, हळू चल म्हणून. तो हळू चालला तर मोजमाप चुकत नाही."

"मी काय त्याच्या कानात सांगू?"

"कान मी करते."

दुपारभर खटपट करून तिने एका डबीत गोल नॉब बसवला आणि डबी मशीनच्या डाव्या बाजूला ठेवली. नॉब इकडे वळवला की टेबल हळू, तिकडे वळवला की जलद. पंख्याच्या रेग्युलेटरइतकाही जोर लागत नव्हता. मामाने आधी संशयाने तो दोन बोटांनी फिरवून पाहिला. मग पाना घेतला आणि मोटरींच्या मागची दोन्ही चाकं स्वतःच काढून टाकली.

"शेपटी?" भाचीने विचारलं.

"नको. माशा मी हाताने हाकलेन."

रविवारी किल्लीवाला हातगाडी घेऊन दारात आला, तेव्हा शिवणकाकूंची चकती अर्धी कापून झाली होती. मामीने बोलल्याप्रमाणे दार उघडलं.

"नमस्कार मामा, न्यायचं ना?" तो आत येत म्हणाला.

"श्श्! तिथेच थांबा," मामा त्याच्याकडे न बघता म्हणाला. डावा हात नॉबवर, डोकं कललेलं. "आता नागमोडी वळण येतंय. हळू... हळू... हां, चला आता."

टेबल दोन्ही दिशांनी एकदम सरकत होतं, वळणावर दबकत होतं, सरळ जागी सुटत होतं. किल्लीवाला दम धरून बघत राहिला. थोड्या वेळाने त्याने आपणहून, कटरला धातू चिकटू नये म्हणून ठेवलेली रॉकेलची पिचकारी उचलली आणि मामा मान हलवेल तेव्हा कटरवर थेंब सोडू लागला. शिवणकाकू दाराशी चष्मा पुसत उभ्या होत्या.

चकती सुटली. काकूंनी ती तिथल्या तिथे नेऊन यंत्रात बसवली आणि सगळे मागोमाग गेले. पहिला टाका जरा अडखळला, कारण कडेला धातूचं एक बारीक कुसळ राहिलं होतं. मामाने कानशीने ते काढलं. मग कापडावर नागमोडी ओळ उमटत गेली, एकसारखी, थेट काठापर्यंत.

"बघू," म्हणून मामीने कापड ओढून घेतलं, उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं. "हं," ती म्हणाली.

किल्लीवाला डोकं खाजवत होता. "मामा, मग ते न्यायचं काय झालं?"

"मला काय विचारता? दार हिने उघडलंय."

"उघडलं म्हणून काय झालं? लावतासुद्धा येतं मला," मामी म्हणाली. "चहा घ्या आणि गाडी तशीच परत न्या. आणि तुम्ही हो, उद्यापासून खांद्याचे व्यायाम चुकवलेत, तर तो नॉब मी काढून ठेवेन."

"चहा नंतर," किल्लीवाला म्हणाला. "मामा, माझ्याकडे एक जुनं कुलूप आहे. त्याची किल्ली कुठेच बनत नाही. घेऊन येऊ?"

मामाने भाचीकडे पाहिलं. भाची आधीच खिशातून मोजपट्टी काढत होती.

"आणा," तो म्हणाला, "पण कुलूपच आणा हं. नुसत्या वर्णनावर आमच्या बाई काम करत नाहीत."