सात नंबरचा पोर्ट

माझं काम एकच, फोन बोलते ठेवायचे. अंबडच्या या कारखान्यात अकरा वर्षं तेच करतोय. चोवीस जागी फोन आहेत, आणि सगळ्यांच्या तारा माझ्या खोलीतल्या एका पेटीत येतात. पेटीत कार्ड, कार्डावर पोर्ट, एका पोर्टाला एक फोन. पोर्ट बिघडला की फोन गेला, इतकं सोपं.

मार्चमध्ये सात नंबरचा पोर्ट बिघडला. समोरच्याचं ऐकू यायचं, पण आपला आवाज जायचा बंद. आणि नेमका तो मोठ्या साहेबांच्या केबिनचा. साहेब पुण्याच्या पार्टीशी दहा मिनिटं एकटेच बोलत बसले आणि मग माझा उद्धार केला. नवं कार्ड मागितलं तर म्हणे, पेटी जुनी आहे, कार्ड मिळत नाही, तू डोकं चालव.

चालवलं. आमच्या धंद्यात सगळेच चालवतात तसं. खराब पोर्ट टाकून द्यायचा नसतो, जिथून कोणी फोन करत नाही तिथे जोडायचा असतो. मी यादी काढली. सगळ्यात कमी फोन मागच्या सांडपाण्याच्या पंपघरातून, वर्षभरात एकही नाही. तारांची अदलाबदल केली. साहेब खूश, मीही खूश.

पंपघरातून फोन का येत नाही, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. तो फोन अडीअडचणीसाठीच होता. रिसीव्हर उचलला की थेट गेटवर रिंग. सुरगाण्याचा लहानू तिथे पाळीभर एकटा असायचा, आणि मोबाइल आत न्यायला बंदी, सगळ्यांचे गेटवर जमा.

जोडल्यावर तपासला मी, नाही असं नाही. रिसीव्हर उचलला, गेटवरचा जयराम "हॅलो" म्हणाला, मी ठेवून दिला. दोन शब्द बोलायला काय धाड भरली होती मला? लहानू शेजारी नागलीची भाकरी खात होता. झाला का चांगला, असं त्याने विचारलं. एकदम टकाटक, मी म्हणालो.

मे महिन्यातल्या एका दुपारी लहानू गेला. छातीत कळ आली होती. चार वाजता पाळी बदलायला आलेल्या माणसाला तो खुर्चीत सापडला, रिसीव्हर तारेला लोंबत होता. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणला असता तर वाचला असता. जयराम रडवेला होऊन सांगत होता की दुपारी चार ब्लँक कॉल आले, कोणी बोलेना, म्हणून ठेवून दिले. गेटच्या फोनवर नंबर दिसत नाही. माझ्या पेटीत दिसतो. चारही पंपघरातले होते.

मी तसाच पंपघरात गेलो आणि रिसीव्हर उचलला. जयरामचा आवाज स्वच्छ आला, अगदी शेजारी बसल्यासारखा. मी म्हणालो, जयराम, मी नवनाथ. मग ओरडलो. तो म्हणाला, "अहो, बोला की कोणीतरी," आणि त्याने फोन ठेवला. लहानूने हेच ऐकलं असणार. चारदा.

पाचव्या दिवशी लहानूची बायको कलाबाई त्याचा मोबाइल न्यायला गेटवर आली. साहेबांचा माणूस बाजूला उभा होता. त्याने मला आधीच बजावलं होतं की रिंग जात होती, म्हणजे फोन चालू होता, यापलीकडे बोलायचं नाही. कलाबाईने मला ओळखलं.

"तुमीच ना ते फोनवाले भाऊ?" ती म्हणाली. "तो सांगायचा, भाऊनं फोन नीट करून दिला, आता भ्या नाय."

"मंग त्यानं फोन केला नाय का?"

"केला."

"कोनी उचलला नाय?"

"उचलला, वहिनी. चारही वेळा."

तिने जयरामकडे पाहिलं. जयरामने मान खाली घातली. ती परत माझ्याकडे वळली. आता रागही नव्हता तिच्या चेहऱ्यावर, नुसतं न समजणं होतं.

"मंग तो बोलला का नाय? लय बोलका हाय तो."

साहेबांच्या माणसाने माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला.

"बोलला, वहिनी," मी म्हणालो. "चारदा बोलला. मी त्याला मुका फोन जोडून दिला होता."