स्पिरिटच्या खोलीचे कुलूप

टाकीतला रस सकाळपासून उसळत होता आणि त्यातली साखर तासातासाने उतरत होती. सोनियाने पुन्हा मोजून पाहिले. अकरा. आकडा नऊच्या खाली गेला की हवी ती गोडी संपली.

कवठे महांकाळजवळच्या या वाइनरीत गोड, कडक वाइन पहिल्यांदाच बनत होती, तीही सोनियाच्या हट्टाने. पोर्तुगालहून समुद्रापार जाणारी वाइन वाटेत बिघडू नये म्हणून व्यापारी तिच्यात द्राक्षाचेच स्पिरिट मिसळत. पुढे ते रस आंबत असतानाच घालू लागले. त्याने साखर खाणारे यीस्ट मरते आणि फळाची उरलेली साखर तशीच आत राहते. वरून पाक ओतायचा नाही, हे तिने मालकांना पटवले होते. फक्त वेळ चुकता कामा नये.

स्पिरिटच्या खोलीला मात्र सरकारी कुलूप होते. ते उत्पादन शुल्क खात्याच्या साहेबांसमोरच उघडायचे, आणि दोनला येणारे साहेब चार वाजले तरी पोचले नव्हते.

त्यांच्याआधी वडीलच मोटारसायकलवरून आले.

“चल, सोने. साताऱ्याचं पावणं येऊन बसल्यात. पोराची आई रंगुबाई दोनदा म्हनली, पोरगी दावा की.”

“आबा, आज जमणार न्हाई म्हणून सांगितलं व्हतं मी.”

“पावणं काय तुज्या टाकीला इचारून येत्यात व्हय?”

“मी कुठं काम करते म्हणून सांगितलंय त्यांना?”

आबांनी टोपी सारखी केली. “औशिदाच्या कंपनीत.”

“कसलं औशिद?”

“खोकल्याचं म्हनू की!”

तिला हसू आले, आणि लगेच ओसरले. तेवढ्यात साहेबांची जीप आत आली.

कुलूप निघाले. पंप सुरू झाला. स्पिरिट बारीक धारेने सोडायचे असल्याने तिचा हात झडपेवरच होता. दारात आबांचा फोन वाजला.

“व्हय, रंगुबाई... नोकरी? सोडंल की. लगीन झाल्यावर कशाला पायजे? माजा भाऊ हाय तितं, फोडा सुपारी. मी आलोच.”

“आबा!”

झडप सोडली असती तर सगळे स्पिरिट एकदम आत गेले असते. आबांनी वळून तिच्याकडे पाहिले. त्यांना ऐकू गेले होते. तोंड फिरवून ते म्हणाले, “व्हय, व्हय. तिचं बी हेच म्हननं हाय.”

अर्ध्या तासाने रस निवला. साखर नऊवर थांबली. सोनियाने एक घोट जिभेवर फिरवून थुंकला. वाइन हवी होती तशीच उतरली होती.

“ही दोन वर्षं लाकडी पिंपात राहणार,” ती म्हणाली. “ते पिंप मीच उघडणार, आबा. मला विचारल्याशिवाय हो म्हणालात तुमी.”

“इचारलं असतं तर तू काय म्हनली असतीस, ते म्हाईत हाय मला. बस मागं.”

वाटभर ती एकच वाक्य जुळवत राहिली. मी वाइन करते आणि ते सोडणार नाही. घरात शिरताच रंगुबाईंनी तिला कुंकू लावले.

“मला बोलायचंय,” सोनिया म्हणाली.

“आदी त्वांड गोड कर, मग बोल की बाई!” म्हणत त्यांनी अख्खा पेढा तिच्या तोंडात घातला.

सगळे हसले. कुणीतरी लग्नाची तारीख सांगितली, आबांनी मान डोलावली. पेढा गिळून सोनियाने वर पाहिले, तेव्हा साताऱ्याची माणसे अंगणात चपला शोधत होती.