पुसलेली राख

राखेच्या बुधवारी कॅथलिकांचा उपासकाळ सुरू होतो. त्या सकाळी चर्चमधल्या मिस्सेत फादर प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा क्रूस काढतात. श्रीकांत साळवे दरवर्षी तो काढून घ्यायचा आणि फाटकाबाहेर पडायच्या आत रुमालानं पुसायचा. त्याची बायको शोभा मात्र तशाच कपाळानं उज्जैनच्या फ्रीगंज बाजारात भाजी घ्यायची, आणि हा पठ्ठ्या दहा पावलं मागून चालायचा, जणू दोघांची ओळखच नाही.

बँकेत बावीस वर्षं झाली होती. संगमनेरकडचा मराठी माणूस, नाव श्रीकांत. कुणी विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. मूग गिळून बसण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

नोव्हेंबरात शोभानं अंथरूण धरलं. जाण्याआधी तिनं एकच मागितलं. "येत्या राखेच्या बुधवारी पुसू नका हो. एक दिवस तरी माझ्याबरोबर चाला." त्यानं हातात हात देऊन शब्द दिला. मग तिला मातीत ठेवून तो कामावर आला, तर शेजारच्या काउंटरवरच्या कुसुमताईंनी हळहळून विचारलं, "अस्थी रामघाटावरच सोडल्या ना?" यानं होकारार्थी मान हलवली.

आज मात्र त्यानं खरंच राख पुसली नाही. स्कूटरवर कपाळ नुसतं चुरचुरत होतं, पण छातीही थोडी फुगली होती. कुणी विचारलं तर सांगायचं वाक्य त्यानं पाठ केलं होतं: मी ख्रिस्ती आहे, माझी शोभाही होती.

बँकेत नवे कॉम्प्युटर आले होते, सगळे त्यांच्याभोवती गोळा झालेले. कुसुमताईंचं तेवढं त्याच्या कपाळाकडे लक्ष गेलं. शिवरात्र होऊन चारच दिवस झाले होते, आणि उज्जैनात कपाळावरची राख एकाच देवाची असते.

"साळवेजी, भस्मआरतीला गेला होतात? किस्मतवाले आहात हो!" त्यांचे डोळे भरून आले. "आमच्या ह्यांचं उद्या इंदूरला ऑपरेशन आहे. थोडी भस्म द्याल? आता महाकालचाच भरोसा."

वाक्य ओठांवर आलं होतं. कुसुमताई भली बाई. ऐकून रागावल्याही नसत्या, कदाचित म्हणाल्या असत्या, मग तुमच्या देवाला सांगा. श्रीकांत म्हणाला, "घ्या ना." आणि स्वतःच वाकला.

ताईंनी पैसे भरायची कोरी स्लिप कपाळाखाली धरली आणि बोटानं अलगद सगळी राख उतरवली. पुडी बांधली, डोळ्यांना लावली, पर्समध्ये ठेवली. आपण दया केली, असं तो दिवसभर स्वतःला बजावत राहिला. दया कसली डोंबलाची! भीती होती ती, बावीस वर्षं मुरलेली.

संध्याकाळी तो कब्रस्तानात गेला. शोभाचं नाव क्रूसावर ठळक लिहिलं होतं, रस्त्यावरून कुणालाही वाचता येईल असं. सवयीनं त्याचा रुमाल कपाळाकडे गेला. पुसायला काही उरलंच नव्हतं. तो दहा पावलं अलीकडेच थांबला, आणि पुढे काही केल्या पाय उचलेना.