चार बोटांची उंची

मित्रांनो, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका गोदामामागे पत्र्याची पडवी आहे. तिथे मोडक्या वजनकाट्याशेजारी एक जुनी जीप उभी दिसेल. ती मी. माझा मूळ रंग हिरवा, पण लांबून मी तुम्हाला पिवळीच वाटेन. वर्षानुवर्षं माझ्यावर हळदीची धूळ बसते आहे आणि ती पुसायला कोणाला सवड नाही. हमाल येतात, माझ्या बॉनेटवर भाकरीचं फडकं सोडून जेवतात आणि निघून जातात. माझ्याशी कोणी बोलत नाही, म्हणून आज मीच तुमच्याशी बोलते.

कारखान्यातून बाहेर पडल्यावर मी थेट फौजेत गेले. दहा वर्षं तिथे राबले. तिथे मला नाव नव्हतं, नंबर होता. चालवणारे बदलत राहिले. एकाचा हात ओळखीचा होतो न होतो तोच दुसरा यायचा. पुढे नव्या गाड्या आल्या आणि बहात्तर साली मला पुण्याजवळच्या लिलावात उभं केलं. ओळीत चाळीस गाड्या होत्या. एक उंच, सडपातळ गृहस्थ सगळ्यांवरून नजर फिरवत आले आणि माझ्यापाशी थांबले. त्यांनी बॉनेट उघडलं, तेल बोटावर घेऊन पाहिलं आणि हळूच म्हणाले, "चल गं, घरी जाऊ."

हे नाथाजी. फौजेत ड्रायव्हर होते, नुकतेच पेन्शनीत आले होते. घाट ओलांडून, सातारा, कराड मागे टाकत त्यांनी मला पाटणच्या वरच्या डोंगरात आणलं. त्यांच्या वाडीचं नाव आंबेदरा. अंगणात त्यांच्या पत्नी हरणाबाई वाट पाहत उभ्या होत्या. त्यांनी माझ्या काचेला कुंकू लावलं, चाकांवर पाणी घातलं आणि विचारलं, "आवं, मी कुटं बसायचं?"

"ही काय, माझ्या शेजारी," नाथाजींनी डावी सीट दाखवली.

हरणाबाईंचे गुडघे तेव्हाच धरू लागले होते. तरी माझ्या कडेला हात टेकून त्या एका दमात चढल्या. त्या दिवसापासून ती सीट त्यांची झाली. बाजाराच्या दिवशी मागे वाडीची माणसं, कोंबड्या, नाचणीची पोती आणि पुढे ही दोघं. त्यांना मूलबाळ नव्हतं. वाटेत हरणाबाई अखंड बोलायच्या आणि नाथाजी नुसते "व्हय" म्हणायचे. मित्रांनो, एवढं कोणाचंच बोलणं मी आधी ऐकलं नव्हतं. मला ते फार आवडे.

आमच्या वाटेवर एक अडचण होती. अर्ध्या उतारावर रस्त्याच्या मधोमध काळ्या कातळाची पाठ वर आली होती. सुरुंग लावावा तर वरची दरड खाली येईल, म्हणून तो कातळ कोणी फोडत नव्हतं. चाकं दोन्ही बाजूंनी निघून जात, पण माझं पोट त्यावर घासे. पोटात इंजिनाच्या तेलाचं भांडं असतं. त्याला गॅरेजात चेंबर म्हणतात. चेंबरला ठोका बसला की नाथाजींच्या कपाळाला आठी पडे.

शेवटी चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते मला मलकापूरला बाळासो मिस्त्रींकडे घेऊन गेले. दोघं फौजेत एकाच तुकडीत होते. बाळासो माझ्याखाली सरपटत गेले आणि बऱ्याच वेळाने हात पुसत बाहेर आले.

"दोन वाटा हायत बग," ते म्हणाले. "एक म्हंजी चासी, खालचा सांगाडा, आन् बॉडीच्या मधी लाकडाचं ठोकळं घालायचं. बॉडी चार बोटं वर जाईल. दोन दिसाचं काम. दुसरी वाट चाकांवर गाडीचा भार पेलत्यात त्या कमानपाट्यांची. पाटं भट्टीत तापवून बाक वाढवायचा, एकेक पाटा जादा घालायचा. मग चासी, इंजिन, समदंच वर उचलतं. पर त्याला पंधरा दिस लागतील, आन् गाडी कडक हुईल. माणसं हादरत्याल."

"मग ठोकळंच घाल की. उंची तेवढीच मिळतीया."

"आरं, दिसायला तेवढीच! धोतर वर खोचलं म्हणून माणूस उंच हुतो व्हय? दगड लागतो चेंबरला. ठोकळ्यानं बॉडी वर जाईल, चेंबर हाय तितंच ऱ्हाईल."

नाथाजींनी वर आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाऊस तोंडावर आलाय गड्या. पंधरा दिस गाडी हितं ठिवली तर वाडीनं काय करायचं? सध्या ठोकळं घाल. बाकी मी चालवून घेतो."

बाळासोंनी मान हलवली, पण मित्राचं ऐकलं. बाभळीचे ठोकळे आणि लांब बोल्ट आले. माझी बॉडी वर गेली. गिअरचा दांडा मात्र जागच्या जागी राहिला, त्यामुळे नाथाजींना वाकून गिअर टाकावा लागे. पण पाटणच्या स्टँडवर मी उभी राहिले आणि पोरं ओरडली, "हत्ती आला, हत्ती!" नाथाजी मिशीत हसले. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं.

त्याच श्रावणात वाडीतला सोपान तापाने फणफणला. त्याला मागच्या बाकावर निजवून आम्ही पाटणला निघालो. पावसाने कातळाच्या दोन्ही बाजूंची माती वाहून गेली होती आणि माझी चाकं खोल उतरली. एक जोराचा आवाज झाला. चेंबर फुटलं. माझं सगळं तेल त्या काळ्या दगडावरून ओघळत गेलं. नाथाजींनी इंजिन बंद केलं. चार जणांनी सोपानला घोंगडीच्या झोळीत घातलं आणि भर पावसात ते चालत निघाले. तो वाचला, पण बारा दिवस त्याच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी त्या दगडावर तीन दिवस अडकून होते.

बाळासोंनी "मी सांगितलं व्हतं" असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी माझे कमानपाटे सोडवले, भट्टीत दिले, पाटे वाढवले. पंधरा दिवसांनी मी चार चाकांवर उभी राहिले तेव्हा माझं पोट खरोखर वर गेलं होतं.

"आता ठोकळं काढतो," बाळासो म्हणाले. "दोन्हीची गरज न्हाई. वळणावर झुकंल ही."

"ऱ्हाऊ दे रं," नाथाजी म्हणाले. "मी हळू चालवीन. एवढी रुबाबदार दिसतीया, आता कशाला खाली घ्यायची?"

ठोकळे राहिले. आता माझी बॉडी पहिल्यापेक्षा आठ बोटं वर होती. त्यातली चार कामाची आणि चार रुबाबाची. माझ्यात कोण चढणार आहे, हा विचार तिथे कोणाच्याच मनात आला नाही. माझ्याही नाही.

पुढच्या बाजाराला हरणाबाई नवं लुगडं नेसून आल्या. त्यांनी कडेला हात टेकला, पाय उचलला. पाय पोचला नाही. दुसरा उचलला. तोही पोचला नाही. मागे बसलेली माणसं बघत होती. नाथाजी उतरून आले आणि दोन्ही हातांनी त्यांना उचलून वर ठेवलं. कोणीतरी हसलं. वाईट हेतूने नव्हे, पण हसलं. हरणाबाई पाटणपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

त्यानंतरच्या बाजाराला त्या दारातूनच म्हणाल्या, "जावा तुमी. मला काय काम हाय पाटणला?"

नाथाजींना ते खरं वाटलं.

मित्रांनो, त्यानंतरची तीन वर्षं माझ्या कौतुकाची होती. कातळावरून मी न घासता जायची. वाडीतली रंगूबाई बाळंतपणाला अडली, तेव्हा मुसळधार पावसात मी तिला वेळेवर दवाखान्यात पोचवलं. आई आणि लेक दोघी सुखरूप राहिल्या. जवळच्या धरणावरचे साहेब लोक मलाच बोलवायचे. गावोगाव माझं नाव झालं. पण पुढची डावी सीट रिकामी असायची. कधी तिच्यावर साहेबाची छत्री असे, कधी भाजीची पाटी. नाथाजी गाडी चालवताना एखाद्या वळणावर सवयीने "व्हय" म्हणायचे आणि मग शेजारी पाहून गप्प व्हायचे. परत आल्यावर दिसे, की हरणाबाई उंबऱ्यावर एकट्याच बसून रस्त्याकडे बघत आहेत. मला हाक मारता येत नव्हती.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर एका दुपारी नाथाजी अंगणात माझी चाकं धूत होते. हरणाबाई सुपात हुलगे निवडत होत्या. सहज म्हणाल्या, "आवं, पाटणच्या स्टँडवर पत्रा घातलाय म्हणं?"

नाथाजींचा हात थांबला. "अगं, त्याला दोन वर्सं झाली."

"आसंल. मला काय ठावं?"

नाथाजी फडकं बाजूला ठेवून उठले. मग त्यांनी एकदा माझ्या सीटकडे पाहिलं, एकदा हरणाबाईंच्या गुडघ्यांकडे. "हरणा, तू चढता येत न्हाई म्हणून येत न्हाईस व्हय? मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? या गाडीनं रंगूचं बाळ वाचवलं. माज्या गुडघ्यापायी ती खाली घ्यायला सांगू व्हय?"

"बाळ कमानपाट्यांनी वाचवलं गं," नाथाजी म्हणाले. "ठोकळं नुसतं मिरवायला ठेवलं व्हतं मी."

दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही मलकापूरला होतो. बाळासो लगेच पाना घेऊन माझ्याखाली शिरले. बोल्ट गंजले होते, ते कापून काढावे लागले. बॉडी चार बोटं खाली आली आणि चासीवर नीट बसली. मी पूर्वीसारखी हत्ती दिसत नव्हते. मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

बाजाराच्या दिवशी नाथाजींनी हात पुढे केला. हरणाबाईंनी तो धरला, ओठ घट्ट मिटले आणि चढल्या. बसल्यावर हसून म्हणाल्या, "आता कसं, समदं बेस झालं." वळण लागेपर्यंत त्यांचं बोलणं सुरू झालं होतं. स्टँडवरच्या पत्र्याखाली त्या मुद्दाम जाऊन उभ्या राहिल्या आणि वर बघत राहिल्या.

असे जेमतेम आठ महिने गेले. पुढच्या पावसात हरणाबाईंना न्यूमोनिया झाला. मी त्यांना पाटणला नेलं, कराडला नेलं. कुठेही अडले नाही, कातळाला साधी घासलेही नाही. पण परत येताना ती सीट रिकामी होती.

नाथाजींनी मला महिनाभर हात लावला नाही. मग एक दिवस सांगलीहून हळदीचे व्यापारी आले आणि नाथाजींनी मला त्यांना विकून टाकलं. निघताना नाथाजी घरातून बाहेर आले नाहीत. व्यापाऱ्यांनी मला थोडे दिवस पोती ओढायला वापरलं. पेट्रोल परवडेना, तेव्हा इथे लावलं. तेव्हापासून मी इथे आहे.

गेल्या चैत्रात भर उन्हात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत यार्डात आले. गोदामाचा राखणदार बिराप्पा पुढे झाला. "गाडी बगायला आलायसा? ती विकायची न्हाई बगा."

"घ्यायची न्हाई," नाथाजी म्हणाले. "जरा बसू का?"

बिराप्पाने मान डोलावली. नाथाजी स्टिअरिंगकडे गेले नाहीत. वळसा घालून ते डाव्या बाजूला आले. त्यांनी कडेला हात टेकला, पाय उचलला. तो पोचला नाही. दुसऱ्यांदा उचलला, काठी घसरली. त्यांचेही गुडघे आता गेले होते. बिराप्पाने धावत येऊन त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना वर घेतलं. नाथाजी वेदनेने कण्हले. सीटवर टेकून ते धापा टाकत राहिले.

"ठोकळं काढूनबी एवढी उंच व्हती व्हय?" ते म्हणाले.

बिराप्पाला काही समजलं नाही. "काय म्हनता, आज्जा?"

"ती आठ म्हैनं चढली हितं. दर बाजाराला. हसत चढली."

नाथाजी तासभर त्या सीटवर बसून होते. हळद त्यांच्या धोतराला लागली, पण त्यांनी ती झटकली नाही. मग बिराप्पाच्या खांद्याला धरून ते उतरले आणि एसटीकडे चालू लागले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि मी ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिले.

मित्रांनो, उद्या तुम्ही गाड्या बनवाल, घरं बांधाल, मोठी मोठी कामं कराल. कातळ ओलांडायला जेवढी उंची लागते तेवढी जरूर घ्या. त्याहून एक बोटही जास्त घेण्याआधी, ज्यांना तुमच्या शेजारी बसायचं आहे त्यांना विचारा. आणि ते "समदं बेस हाय" म्हणाले, तरी त्यांच्या पायांकडे एकदा नीट बघा.