नांगर कोणाचा?

श्रीपतचा पाय मोडला आणि महाडहून तो प्लास्टर घालून शिवथरला परतला, तेव्हा भाताचा तरवा लावणीजोगा झाला होता. आठवडाभरात खाचर नांगरून चिखल झाला नाही, तर ती रोपे वाया जाणार होती. मुलगा किरण मुंबईला. त्याला रजा मिळाली नाही. गावातले नांगरकरी आपापल्या शेतांत अडकलेले.

"मी धरते नांगर," सून रंजिता म्हणाली.

"बाईनं नांगर धरला की पाऊस पळतो गो," सासू ठमाबाईने बजावले.

बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या रंजिताला राग आला नाही, कुतूहल वाटले. "कधी पळाला होता?"

"वरच्या आळीच्या काशीबाईनं धरला त्या साली."

"त्या साली पोलादपुराकडे पडला?"

"तिकडं बी नाय."

"मग तिकडे कोणी धरला होता?"

खाटेवरून श्रीपत हसला. "सून नाय, वकील आणलास तू!"

ठमाबाईने बाहेरच्या धारांकडे पाहिले. "पळाला तर लुगडी तरी सुकतील मेली. धर जा."

बैल मात्र जागचे हलेनात. रंजिताने विचार केला : ठमाबाईच्या हाकेला हे पाण्यावर येतात, म्हणजे बाईचे त्यांना वावडे नाही. अडचण हाताची की अनोळखी आवाजाची? तिने श्रीपतला धरून बांधावर आणले, घोंगडी पांघरून बसवले. त्याने हाळी दिली, बैल निघाले. नांगराचे पहिले तास नागमोडी गेले, पुढची सुधारत गेली. संध्याकाळी खाचर तयार होते आणि रंजिताच्या तळहातांना फोड.

वाटेवरून शेजारचा सदू ओरडला, "मोडक्या पायानं नांगरलंस काय रे श्रीपत?"

"नांगरलं की!"

रात्री जेवताना पाऊस कौलांवर तसाच वाजत होता. रंजिता म्हणाली, "मामंजी, पाऊस काही पळाला नाही."

"पळंल कसा? बैल मी हाकले. तू नुसतं नांगराचं रुमणं धरलंस."

रंजिताने ते मनातल्या मनात तपासून पाहिले. युक्तिवाद बिनतोड होता. पाऊस पळाला असता तर नांगर तिचा ठरला असता. पडत राहिला म्हणून तो त्याचा.

"उद्या वरचं खाचर आहे," ती म्हणाली. "तुम्ही ओटीवरच बसा."

"बैल हलायचे नाय."

"तेच बघायचंय."

हात धुऊन ती गोठ्यात गेली आणि श्रीपतची हाळी आपल्या आवाजात देऊन पाहिली. एका बैलाने कान वळवला. दुसरा रवंथ करत राहिला. तिने पुन्हा, थोड्या खालच्या पट्टीत दिली.