वारंगुळ्याचा टेम्पो

मित्रांनो, निमगाव केतकीच्या सरदारभाईंच्या दारात उभा आहे तो जुना टेम्पो म्हणजे मी. माझा पत्रा गंजलाय, एक दार दोरीनं बांधलंय. पण नव्या गाड्यांनी माझ्यापुढं मिजास दाखवू नये. मी साधासुधा टेम्पो नाही!

१९९२ साली मी आलो तेव्हा सरदारभाईंनी गावभर पेढे वाटले. दर मंगळवारी त्यांच्या पानमळ्यातल्या विड्याच्या पानांच्या करंड्या घेऊन मी बारामतीला जाई. शेजारच्या छबूबाईंचाही पानमळा होता आणि टेम्पोही. तो त्यांचा मुलगा मल्हार चालवी. आम्ही दोघंही निम्मे रिकामे, पण एकत्र जायचं नाव नाही. उलट शर्यत! मी मागं पडू नये म्हणून सरदारभाईंनी मिस्त्रीकडून माझ्या पंपातून इंजिनात जाणारं डिझेल वाढवून घेतलं. "जितका काळा धूर, तितकी ताकद," असं ते म्हणत आणि मी खुळा ते खरं मानी. वाटेतल्या अंथुर्णे गावाच्या अलीकडं मी मल्हारला गाठायचोच, आणि मग बारामतीपर्यंत त्याच्या तोंडावर धूर सोडत पळायचो. काय ती ऐट!

शहाण्णवच्या उन्हाळ्यात बारामतीच्या व्यापाऱ्यानं छबूबाईंचं पान तोंडात घातलं आणि थू करून टाकलं.

"डिझेल खाल्ल्यागत लागतंय. पुढच्या खेपंला बी असंच आलं, तर तुमचा माल बंद."

त्यांच्या करंड्या वाटभर माझ्याच धुरात न्हाल्या होत्या. नवऱ्यामागं त्या माउलीनं एवढ्या मळ्यावर घर उभं ठेवलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी छबूबाई आमच्या दारात आल्या. मला वाटलं, आता चांगलीच जुंपणार.

"सरदारभाई, पेरणीला आपण बैलांचा वारंगुळा करतो. तुमचे बैल आज माझ्यात, माझे उद्या तुमच्यात. मग टेम्पोचा का न्हाय? एका मंगळवारी तुमचा, एका मंगळवारी माझा. दोन गाड्या कशापायी पळवायच्या?"

सरदारभाई खाली बघत म्हणाले, "व्हय वहिनी. चूक माझीच हाय. पयली पाळी माझी."

दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीनं माझा पंप नीट लावला, फिल्टर बदलला. धूर दिसेना, तर मलाच उगाच अशक्त वाटायला लागलं! पण मंगळवारी दोन्ही घरच्या करंड्या आणि छबूबाईंना घेऊन निघालो आणि एका चढालाही कुरकुरलो नाही.

व्यापाऱ्यानं छबूबाईंचं पान चघळलं. त्यांनी पदर मुठीत घट्ट धरला होता.

"अजून एक द्या," तो म्हणाला.

"का वो? वास येतोय का?"

"न्हाय. ग्वाड लागतंय."

मित्रांनो, तेव्हा मला हॉर्न वाजवता आला असता, तर अख्खी बारामती गोळा केली असती!

परवा सरदारभाईंची नात मुबशिरा पुस्तकातून मोठ्यानं वाचत होती: गाड्यांच्या धुरातले काही वायू डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते पृथ्वी तापवतात. ऐकून माझी छाती फुगली. लोक विचारतात, या टेम्पोनं किती खेपा केल्या? अरे, मी न केलेल्या खेपा विचारा! एकाआड एक मंगळवारी मी गप्प उभा राहिलो आणि तेवढा धूर निघालाच नाही, हीच माझी सगळ्यात मोठी कामगिरी. म्हणून सांगतो, गाडी काढण्याआधी शेजाऱ्याला हाक मारा आणि विचारा, "काय रं, तू बी तिकडंच निघालास का?"