टोपीखालचं दुखणं

"डॉक्टरकडे जाताना चर्चला जातेस तशी जा. टोपी, हातमोजे, तोंडाला पावडर. अशीतशी गेलीस तर तुला कोणी धड विचारणार नाही," आई सांगायची. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या मेकनमध्ये तिच्या काळी काळ्या बाईच्या बाबतीत ते खरंच होतं. आई गेली, पण तिचं सांगणं मी पहाटेच्या प्रार्थनेसारखंच पाळत आले.

हिवाळ्यापासून माझे सांधे धरलेले, पाय सुजलेले. मावशीचं असंच सुरू झालं होतं, आणि दुखण्याचं नाव कळेपर्यंत तिची मूत्रपिंडं गेली होती. डॉक्टर दर वेळी म्हणायचे, वयाचं आहे. एकदा धीर करून विचारलं, मावशीचं तेच दुखणं, ल्यूपस, असेल का? ते म्हणाले, त्यात गालांवर लाल पुरळ येतं, फुलपाखरासारखं. तुम्हाला कुठे आहे? माझ्या काळ्या कातडीवर लाल कधी उठून दिसलंय? हे त्यांना न विचारताच बाहेर आले. गाडीत बसून स्टिअरिंगवर मूठ आपटली, तर बोटंच ठणकली.

शनिवारी धाकटी बहीण व्हर्लीन माझ्या वेण्या घालायला आली. केस मोकळे करता करता तिचा हात थांबला. टाळूवर गुळगुळीत टक्कल पडलं होतं. कानाच्या खोलगट वाटीत गोल, खपलीचे डाग होते, कडेला काळे, मध्ये पांढरट. मग तिनं माझी बोटं उलटी करून पाहिली. टोकं जांभळी पडली होती, भर उन्हाळ्यात थंडीनं फुटल्यासारखी.

"ताई, हे त्यांना दाखवलंस?"

मी म्हटलं, टोपी होती ना डोक्यावर. हातमोज्यांवरूनच त्यांनी बोटं दाबून पाहिली.

"तू डॉक्टरकडे जातेस की ईस्टरच्या सणाला? त्यांनी तपासायचं काय, तुझी टोपी?"

मला संताप आला. आधी तिचा, मग एकदाही टोपी काढा न म्हणणाऱ्या त्या माणसाचा. मग आईचाही, आणि तो कुणापुढे मांडावा कळेना.

"सोमवारी डॉक्टरकडे अशीच जायचं. शब्द दे," व्हर्लीन म्हणाली. मी दिला.

सोमवारी गुडघे टेकवेनात, म्हणून खुर्चीत बसूनच प्रार्थना केली. नुसत्या पाण्यानं तोंड धुतलं. हात सवयीनं टोपीच्या डब्याकडे गेला. मी डब्याचं झाकण नीट दाबून बसवलं, दार ओढून घेतलं आणि उघड्या डोक्यानं गाडीकडे चालू लागले.